वर केलेला हात

शिरूर-दौंड रस्त्यावर मी एसटीचा कंडक्टर आहे. माझं निम्मं आयुष्य लोकांचे हात बघण्यात गेलं. फाट्यावरचा माणूस हात कसा करतो, यावरून तो कुठं निघालाय ते मला कळतं, अशी फुशारकी मी ड्रायव्हरपुढं मारायचो. दवाखान्याला निघालेला गाडी वळणावर दिसायच्या आधीच हात वर करून उभा असतो. लग्नाला निघालेला अगदी ऐनवेळी करतो, कारण त्याचं लक्ष इस्त्रीवर असतं. शाळेतली पोरं दोन्ही हात करतात आणि गाडी थांबली की म्हणतात, काका, सहज केला. मग त्यांना चार शिव्या हासडायच्या आणि डबल बेल द्यायची. पण थांबायचं. हात दिसला की आधी थांबायचं आणि मग भांडायचं, हे नवीन लागलो तेव्हा एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं शिकवलं होतं.

आमची एकुलती एक मुलगी नववीत असताना कबड्डी खेळताना गेली. ‘गेली’ म्हणायला मला आवडत नाही, गाडी सुटल्यासारखं वाटतं. पण ‘वारली’ हा शब्द नववीतल्या पोरीला लावायला माझी जीभ वळत नाही.

तिला लहानपणापासून दमा होता. माझ्या आईनं हा शब्द घरात काढायला बंदी घातली होती. पोरीची जात, उद्या सोयरीक जमवायची, दमा म्हटलं की पाहुणे न्हावऱ्याच्या चौकातूनच माघारी वळतील, असं तिचं म्हणणं. म्हणून आमच्याकडं ‘तिला भरून आलंय’ असं म्हणायचे. मी मात्र शाळेत स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. खेळाच्या सरांना दम्याचा पंप दाखवला होता, कसा दाबायचा ते दाखवलं होतं. डॉक्टरांचंही म्हणणं होतं की खुशाल खेळू द्या, फक्त पंप हाताशी पाहिजे. सर चांगला माणूस. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं होतं.

तिला भरून यायचं ते बहुतेक पहाटे. थंडीच्या दिवसांत शेजारच्या रानात उसाचं पाचट पेटवलेलं असलं की हमखास. तिची आई त्या वेळी गोठ्यात धारा काढत असायची आणि मी पहिल्या गाडीला जायचं म्हणून खाकी शर्टाची बटणं लावत असायचो. छाती भरली की तिला बोलता यायचं नाही. मीच तिला एकदा सांगितलं होतं, बोलायला जमलं नाही तर नुसता हात कर, हात केला की कुणीपण थांबतं. कंडक्टरच्या पोरीला हे पटायला वेळ लागला नाही. ती अंथरुणात उठून बसायची, डावा हात वर करायची आणि अंगठा दाबल्यासारखा खाली वाकवायची, पंप दाबतात तसा. मी कोनाड्यातला पंप काढून द्यायचो. जरा वेळानं श्वास जागेवर आला की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, पप्पा, तुमचं वरचं बटण चुकलंय. आई दुधाची किटली घेऊन घरात येईपर्यंत सगळं निवळलेलं असायचं. पंप आईलाही ठाऊक होता. पण ही हाताची खूण आम्हा दोघांतच राहिली.

पोरगी भारी सरळ होती. किती सरळ, तर एकदा निमोण्याला मामाकडं जाताना माझ्याच जोडीदार कंडक्टरच्या गाडीत बसली. तो बिचारा ओळखीनं हाफ तिकीट फाडायला लागला, तर ही भर गाडीत म्हणाली, काका, मला परवा बारा वर्षं पूर्ण झाली, फुल द्या. त्यानं डेपोत येऊन सगळ्यांना सांगितलं. पुढं कितीतरी दिवस मला पाहिलं की लोक म्हणायचे, आला बघा हरिश्चंद्राचा बाप. मला तेव्हा राग यायचा आणि छातीही फुगायची.

लंगडी असो, हुतूतू असो, गल्लीत खेळतानाही आपल्याला हात लागला की ती आपणहून बाजूला होऊन बसायची. समोरच्याला कळलेलं नसलं तरी. तिच्या मैत्रिणी वैतागायच्या. हा स्वभाव गावात सगळ्यांना माहीत होता. पुढं जे झालं, त्यात हा स्वभावच तिला नडला.

त्या दिवशीचे सामने भीमेच्या पलीकडं, केडगावच्या बाजूला एका मैदानावर होते. शिरूर तालुक्यातल्या पोरी विरुद्ध दौंडच्या पोरी. मी ड्युटीवर होतो. मी सांगतोय ते सरांकडून कळलेलं, तिच्या मैत्रिणींकडून कळलेलं आणि व्हिडिओत पाहिलेलं आहे.

मैदान फुफाट्याचं होतं. पाणी मारलं होतं, पण फक्त पाहुण्यांच्या मांडवापुढं. पलीकडच्या रानात पाचट पेटलेलं होतं. पोरींची दप्तरं चोरीला जाऊ नयेत म्हणून एका खोलीत ठेवून कुलूप लावलं होतं आणि पंप दप्तरात होता. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. उलट सगळं सांभाळून ठेवायची घाई होती. दप्तर सांभाळलं.

शेवटची काही मिनिटं राहिली असताना ती चढाईला गेली. दौंडच्या एका पोरीनं तिचा घोटा धरला. ती पालथी पडली, तशीच सरपटत पुढं आली आणि तिची बोटं मधल्या रेषेला लागली. पंचानं शिट्टी वाजवून तिला गुण दिला. आमच्या बाजूच्या पोरी नाचायला लागल्या. आणि पडल्या पडल्या तिनं हात वर केला.

पंच वाकला. त्यानं विचारलं, दम तुटला होता का? कबड्डीत दम म्हणजे ते ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणणं. ते एका श्वासात चालू ठेवायचं असतं, मध्येच तुटलं तर चढाई बाद. ती म्हणाली, दम. एवढाच शब्द तिच्या तोंडून निघाला आणि तिनं मान हलवली. पंचानं आपला निर्णय फिरवला, तिला बाद दिलं आणि गुण दौंडला दिला. म्हणजे मिळालेला गुण पोरीनं आपणहून परत केला, असं सगळ्या मैदानाला दिसलं. लोक उभे राहिले. दौंडच्या पोरींनीही टाळ्या वाजवल्या. एक जण मोबाइलवर शूटिंग करत होता. त्याचा व्हिडिओ त्या टाळ्यांपाशी संपतो.

पुढचं व्हिडिओत नाही. दोघींनी तिला उठवून मागच्या रेषेबाहेर बसवलं. बाद झालेले गडी तिथं बसतात आणि आपल्या बाजूनं गडी मारला की त्यांतला एक जण परत आत येतो. आमच्याकडं बाद झालेल्याला मेला म्हणतात आणि आत आलेल्याला जिता झाला म्हणतात. खेळ पुढं सुरू झाला. सगळ्यांचे डोळे रिंगणात. थोड्या वेळानं आमच्या बाजूनं एक गडी मारला आणि तिची मैत्रीण ओरडली, चल गं, जिती झालीस. ती उठली नाही. मैत्रीण हात धरून ओढायला गेली, तेव्हा तिचे ओठ निळे पडलेले होते.

सरांनी तिला उचललं आणि समोर दिसला त्या टेम्पोत घातलं. दुसऱ्या मास्तरांनी कुलूप फोडलं, दप्तर उपसलं, पंप घेऊन मोटारसायकलवर टेम्पोच्या मागं गेले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मला फोन आला तेव्हा माझी गाडी भीमेच्या पुलावर होती.

दहाव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. जो येईल तो त्या हाताबद्दल बोलायचा. जिंकलेला गुण परत करणारी पोरगी. देवाला चांगली माणसं आवडतात. पोरीनं आयुष्याचं सोनं केलं. मी मान हलवत होतो, पण आतून पेटत होतो. नववीतल्या पोरीच्या आयुष्याचं काय सोनं? तिला अजून सायकल नीट चालवता येत नव्हती. भाकरी थापता येत नव्हती. तिला पोलीस व्हायचं होतं, मग नर्स व्हायचं होतं, मग पुन्हा पोलीस. आयुष्याचा अर्थ वगैरे लोक दुसऱ्याच्या मयतीला काढतात. माझ्या पोरीला अर्थ नको होता, तिला श्वास हवा होता.

तिची आई मात्र त्या बोलण्यानंच उभी राहिली. पहिले काही दिवस तिनं अन्नाचा कण घेतला नव्हता. मग कुणीतरी तो व्हिडिओ तिच्या मोबाइलवर पाठवला. तोवर कुणी त्याला बासरी जोडली होती आणि खाली लिहिलं होतं, खिलाडूवृत्ती असावी तर अशी. तो बघून ती पहिल्यांदा रडली, आणि रडल्यावर दोन घास जेवली. त्यानंतर रोज धारा काढून झाल्या की ती गोठ्याच्या दारात बसून तो व्हिडिओ लावते. पोरगी काहीतरी मोठं करून गेली, एवढ्या आधारावर ती दिवस ढकलते.

मी तो व्हिडिओ तिच्या खांद्यावरून बघितला. पोरगी पालथी पडलेली, तोंडाला माती, डावा हात वर. आणि अंगठा. अंगठा खाली वाकत होता, परत वर येत होता, परत वाकत होता.

मला त्याच क्षणी कळलं. बायको म्हणाली, बघा, कसा हात केला पोरीनं. मी म्हटलं, हो.

ती गुण परत करत नव्हती. ती पंप मागत होती. हात केला की कुणीपण थांबतं, असं तिला बापानं सांगितलं होतं. तिनं हात केला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

कधीकधी मी स्वतःलाच समजावतो, दोन्ही असेल. तिचा दम खरंच तुटला होता, तिनं मान हलवून खरंही सांगितलं असेल आणि पंपही मागितला असेल. तिच्यासारख्या पोरीनं ते केलंही असतं. पण अंगठा डोळ्यांपुढून हलत नाही.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. कसं सांगणार? बायकोचा एकच खांब उभा होता, तो मी उपटू? आणि सरांना सांगायचं, तर त्यांनी तिच्या नावानं शाळेत ढाल सुरू केली होती. दर वर्षी क्रीडा सप्ताहाच्या शेवटी एका खिलाडूवृत्तीच्या खेळाडूला ती ढाल द्यायची, आणि ती आम्हा दोघांच्या हस्ते. शाल, नारळ, पडद्यावर बासरीसकट व्हिडिओ. बायको त्या दिवसाची वर्षभर वाट बघते. ठेवणीतली साडी नेसते, केसांना तेल लावते. मी शेजारी बसून पडद्याऐवजी माझ्या चपलांकडं बघत बसायचो. दोन वर्षं अशी काढली.

या वर्षी सरांचा फोन आला. ढाल यंदा खो-खोच्या एका पोरीला द्यायची ठरलंय, असं ते आनंदानं सांगत होते. खांबाला वळताना ती आपटली, पायाचं हाड मोडलं, पण पोरगी चकार शब्द बोलली नाही, डाव संपेपर्यंत पळत राहिली. नंतर सूज बघून कळलं. सर म्हणाले, तुमच्या मुलीचाच वारसा म्हणायचा, आप्पा. ती पायाला प्लास्टर घालून येणार आहे ढाल घ्यायला.

मी फोन ठेवला आणि माझं डोकंच फिरलं. म्हणजे आता न बोलण्याची ढाल झाली होती. माझ्या पोरीच्या नावानं लेकरांना शिकवत होते की दुखलं तर बोलू नका, मोडलं तर सांगू नका, लोक टाळ्या वाजवतील. उद्या आणखी कुणी मागच्या रेषेवर बसेल आणि उठणार नाही. आता मी गप्प बसलो असतो तर पोरीला तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

आधी बायकोला सांगावं म्हणून मी पहाटे गोठ्यात गेलो. ती गाईच्या पोटाला डोकं टेकवून धार काढत होती. मी नुसता उभा राहिलो. तिनं विचारलं, काय पाहिजे? मी म्हटलं, चहा. मग मनाशी ठरवलं, आपण फक्त मुलांना खूण शिकवायची. ती मैदानातली गोष्ट काढायचीच नाही. मुलांचंही भलं होईल आणि हिलाही धक्का बसणार नाही. माझ्यासारख्या शहाण्याला वाटलं, साप मरेल आणि काठीही तुटणार नाही.

कार्यक्रम दुपारी शाळेच्या मांडवात होता. नेहमीसारखा व्हिडिओ झाला, टाळ्या झाल्या. खो-खोची पोरगी खुर्चीवर बसूनच होती. आम्ही खाली वाकून तिच्या हातात ढाल दिली. मग मी सरांना म्हटलं, मला दोन शब्द बोलायचेत. सरांना नवल वाटलं, पण त्यांनी माइक दिला. गाडीत दिवसभर ओरडणारा माणूस मी, पण माइक कधी हातात धरला नव्हता.

“माझ्या पोरीला दमा व्हता,” मी म्हटलं. “छाती भरली की तिला बोलता येत न्हवतं. तवा ती असा हात करायची. आन् अंगठा असा दाबायची. म्हंजी पंप द्या. तुमच्यातल्या कुणाला दम लागला, चक्कर आली, पाय मोडला, काय बी झालं, तर असाच हात करा. लाजायचं न्हाई. आन् ज्याला हा हात दिसंल त्यानं टाळ्या वाजवायच्या न्हाईत. खेळ थांबवायचा. मॅच गेली तर जाऊ द्या.”

मी हात वर धरून उभा होतो. अंगठा वाकवून दाखवत होतो. पुढच्या ओळीतल्या एका लहान मुलीनं माझं बघून हात वर केला. मग तिच्या शेजारणीनं. मग सगळ्या मांडवभर हात वर झाले आणि सगळे अंगठे खाली-वर व्हायला लागले. प्लास्टरवालीनं ढाल मांडीवर ठेवून हात वर केला. माझ्याकडं न बघता ती माझ्या बायकोकडं बघत होती, म्हणून मीही बघितलं. बायको त्या हातांकडं टक लावून बसली होती. तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता. ती हजार वेळा बघितलेली गोष्ट परत बघत होती.

खाली उतरल्यावर सर माझ्याजवळ आले. त्यांचे डोळे भरलेले होते. ते म्हणाले, “आप्पा, मी पण टाळ्या वाजवत होतो.” मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, सगळेच वाजवत होते. त्यांनी तिला लेकरासारखं उचलून नेलं होतं.

आम्ही दोघं चालत फाट्यावर आलो. बाभळीखाली उभी राहून तिनं पिशवीतून मोबाइल काढला, आवाज बंद केला आणि व्हिडिओ लावला. मोबाइल डोळ्यांजवळ नेला. परत मागं घेऊन लावला. मी रस्त्याकडं बघत राहिलो.

मग तिनं विचारलं, “पंप मागत व्हती?”

“व्हय.”

“तुम्हाला कवापासनं ठाव हाय?”

“पहिल्यांदा बघितलं तवापासनं.”

ती माझ्यावर तुटून पडेल असं वाटलं होतं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं मोबाइल पदराला पुसला आणि पिशवीत ठेवला. आता उद्या धारा काढून झाल्यावर ती गोठ्याच्या दारात काय करणार, हे मला कळेना. तिचा खांब मी उपटलाच होता. नुसता सगळ्यांसमोर उपटला होता, एवढंच.

वळणावर गाडी दिसली. जलद गाडी होती, ती त्या फाट्यावर थांबत नाही. माझा हात सवयीनं वर जायला हवा होता, पण गेला नाही. हात बायकोनं केला. ड्रायव्हरनं तिचा हात बघितला आणि करकचून ब्रेक मारले. गाडी धुरळा उडवत आमच्यापुढं येऊन उभी राहिली. गाडीवरच्या जोडीदार कंडक्टरनं दार उघडलं, मला ओळखलं आणि म्हणाला, वहिनी, चला, चढा लवकर.

ती चढेना. थांबलेल्या गाडीकडं बघत तशीच उभी.

“हात केला की थांबत्यात की हो,” ती म्हणाली.

जोडीदारानं परत हाक मारली. गाडीतली माणसं खिडकीतून बघायला लागली. मी तिचा दंड धरला आणि तिला पायरीकडं नेलं. तिचा हात अजून वरच होता.